डागदर, पाववाला आणि आत्याबाई

आमच्या आत्याबाई टीव्हीकडे पाठ करून बसत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. मी लग्न होऊन जालन्याहून वडीगोद्रीला आले तेव्हा गावात केबल नुकतीच आली होती. संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर बसलं की आत्याबाई भिंतीकडे तोंड करून तूर निवडायच्या. "त्या डब्ब्यातल्या बायायला घर न्हाई का दार न्हाई. दिवसभर नटून फिरून राह्यल्या," एवढं बोलून पुन्हा सुपात मान घालायच्या.

गावात त्यांना मान होता. सोयरीक जुळवायची असो की मोडायची, बायका आधी आमच्या ओट्यावर येत. पोरगा व्यसनी आहे का, पोरीच्या आईची जीभ कशी आहे, हे आत्याबाईंना ठाऊक असायचं. "नाव कमवायला जिंदगी जाते, घालवायला एक दुपार लई झाली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ते त्यांनी मला ऐकवलं होतं.

दुपारी जेवणं आटोपून पुरुष माणसं रस्त्यावरच्या आमच्या खत-बियाण्यांच्या दुकानात आणि शेतात गेली, की घरात आम्ही दोघीच. मी आवाज बारीक करून टीव्ही लावायची. एका चॅनेलवर कुठली तरी परदेशी मालिका हिंदीत लागायची. एक डॉक्टर रोज सकाळी एका बेकरीत पाव घ्यायला जातो, आणि बेकरीवाल्याशी त्याची ओळख होते. मला वाटलं, दोन मित्रांची गोष्ट असेल. एके दिवशी डॉक्टरने बेकरीवाल्याचा हात हातात घेतला आणि प्रेमात पडलेला माणूस जे बोलतो ते बोलला. मी गडबडून रिमोट शोधायला लागले.

"राहू दे," मागून आवाज आला.

वळून पाहिलं, तर सूप मांडीवर घेऊन आत्याबाई टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या. "बघू तरी काय म्हणतो तो पाववाला."

दुसऱ्या दिवसापासून मालिकेच्या वेळेला दाराची कडी त्याच लावू लागल्या. त्या दोघांची नावं त्यांच्या तोंडात बसली नाहीत. एक डागदर, दुसरा पाववाला. स्थळ पारखावं तसं त्यांनी दोघांना पारखलं. पाववाला पसंत होता. "कष्टाचा हाये. पहाटं उठून भट्टी लावतो, कोनाचं घेत न्हाई." डागदरावर राग होता. "एवढा शिकला, पन आईपुढं तोंड उघडत न्हाई. मानसं चिरतो म्हनं!"

लोडशेडिंगचा मात्र फार जाच व्हायचा. एकदा डॉक्टरच्या आईला संशय येतो, नेमक्या तेव्हा लाईट गेली. आत्याबाईंनी वायरमनला निरोप धाडला, घरात म्हातारी बाई आजारी आहे, जल्दी बघा. मी म्हटलं, "आत्याबाई, आपल्याकडे कोण आजारी आहे?" "डागदराची माय हाये की अंथरुनावर," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी एकदा धीर करून विचारलं, "दोघं पुरुष आहेत. तुम्हाला कसंसंच नाही वाटत?"

त्यांनी बराच वेळ सुपातले खडे वेचले. "वाटतं की. म्हनून तर कडी लावते," त्या म्हणाल्या. मग सूप पाखडत, "पन पोरी, जीव लावून राह्यलेत एकमेकाला. आमच्या येळंला नवऱ्याचं तोंड दिवसा दिसत नव्हतं. कोनी कोनाकडं असं बघतं, ते बघूनच बरं वाटतं."

एका दुपारी कडी नीट बसली नव्हती. तात्या, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, विसरलेली दुकानाची किल्ली न्यायला सरळ आत आले. पडद्यावर त्या दोघांनी एकमेकांना मिठी मारलेली. तात्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"शहरातल्या शिकलेल्या पोरी केल्या की घरात हे असलं येतं," ते म्हणाले. "सूनबाई, सासूला संगं बसवून हे बघून राह्यल्या तुम्ही?"

आत्याबाई थोरल्या दिरासमोर कधी बोलत नसत. काही सांगायचंच असलं तर दाराआडून, तेही दुसऱ्या कुणाला उद्देशून. त्या उठल्या. पदर पुढे ओढला.

"ती न्हाई. मी बघते."

"तुम्ही?"

"हां, मीच. तिला मीच लावायला सांगते. मला आवडतं."

तात्या किल्ली न घेताच निघून गेले.

केबल त्याच आठवड्यात तोडली गेली. सासरे एवढंच म्हणाले, "उगंच खर्चा." पण गिरणीवर दळण टाकायला गेलेल्या बायकांत कुजबुज पोचली. काही दिवस आमच्या ओट्यावर सोयरिकी घेऊन कोणी फिरकलं नाही. आत्याबाईंनी ना कुणाला खुलासा दिला, ना माझ्याकडे तक्रार केली. मीच एकदा भाकरी थापताना म्हटलं, "माझ्यावरच राहू द्यायचं होतं. तुमचं नाव..."

"तुला ह्या घरात सगळी जिंदगी काढायची हाये," त्या म्हणाल्या. "माझं नाव बक्कळ जमलंय. थोडं गेलं तर गेलं."

त्यांना हळहळ एकाच गोष्टीची होती. चुलीतलं लाकूड सारता सारता मध्येच म्हणायच्या, "त्यानं आईला सांगितलं असंल का गं?"

आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की गावातले लोक त्यांचा दरारा आठवतात. मला माझ्या मुलीचं बारसं आठवतं.

बाळंतपणाला मी जालन्याला माहेरी होते. तिथे केबल होती. मालिका अजून चालूच होती; उरलेले भाग मी अंथरुणावर पडून पाहिले. शेवट आत्याबाईंना कळवायचा कसा, हा प्रश्न होता, कारण आमचा फोन दुकानात आणि दुकानात तात्या.

बारशाला आत्याबाई जीपमधून आल्या. पाय धुतले, पाळण्यापाशी जमलेल्या बायकांमधून वाट काढत माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, चहाचं बघता का जरा?" आई आत गेली तशा माझ्या कानाला लागल्या.

"काय झालं त्यायचं?"

मी हळू आवाजात सांगितलं. डॉक्टरने आईला सांगून टाकलं. आई बोलेनाशी झाली. बेकरीवाला कंटाळून दुकान बंद करून आपल्या गावी निघून गेला.

"मंग?"

"मग डॉक्टर त्याला आणायला गेला."

"एकलाच?"

"नाही. आईला घेऊन."

आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि दचकून थांबली. "अगं बाई! काय झालं विहीणबाई?"

"काही न्हाई," आत्याबाई म्हणाल्या, "नात लई गोड झाली."

पाळण्यात त्यांनी अजून डोकावलंही नव्हतं.