ऑस्वाल्डच्या विमानातली खरखर

आमचे हे, राजाराम, रेडिओ दुरुस्त करायचे. वरळीच्या बीडीडी चाळीत कुणाचाही रेडिओ घुरघुरला की ह्यांनाच हाक. पण दादरच्या एका दुकानात कामाला होते तिथं मालक ह्यांना मागच्या खोलीत बसवायचा, गिऱ्हाइकाला दिसायला नकोत म्हणून. आडनाव ऐकलं की लोकांची तोंडं कशी वाकडी व्हायची ते मी बघितलंय. म्हणून मी सारखी बजावायची, काम चोख करा, आपल्या माणसाची एक चूक लोक दहा चुका धरतात.

छप्पन साल होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर सगळं गिरणगाव पेटलेलं. आणि अशात ह्या ऑस्वाल्डला विमान उडवायचं होतं! ऑस्वाल्ड म्हणजे ह्यांचा जुना दोस्त, गिरगावात गॅरेजमध्ये फिटर. लोअर परळच्या एका बंद गोदामात तीन वर्षं खपून त्यानं लाकडाचं नि कापडाचं विमान उभं केलं होतं, एका माणसापुरतं. मी म्हणायची, वेड लागलंय मेल्याला.

खालच्या माणसाशी बोलायला विमानात त्यानं चोरबाजारातला जुना लष्करी रेडिओ बसवलेला. इंजिन चालू झालं की नुसती खरखर, माणसाचा शब्द कळेना. ह्यांनी चार दिवस कान लावून शोधलं. इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र होतं, तिथून इंजिन बंद करायच्या बटणापर्यंत एक वायर जायची, तीच सगळा आवाज फेकत होती. ह्यांनी तिच्यावर तांब्याच्या बारीक तारांची जाळी चढवली आणि जाळी इंजिनाच्या धातूला जोडली. पण ती वायर मोठी वाईट. तिच्या आतली तार त्या जाळीला नुसती टेकली तरी ठिणगी बंद, इंजिन बंद.

आता ह्यांची सवय ऐका. जाळी चढवली की टोकाच्या तारा मोकळ्या ठेवायच्या, आधी आवाज ऐकायचा, मनासारखा झाला की मगच टोक कापून काळी पट्टी गुंडाळायची. रेडिओत तार टेकली तर घरघर होते, कुणी मरत नाही. त्या संध्याकाळीही तसंच केलं. खरखर गेली, हे खूश झाले, आणि तेवढ्यात नाक्यावर गोळीबार सुरू झाला. कर्फ्यू, कर्फ्यू म्हणत लोक पळत सुटले. ह्यांनी अवजारं पेटीत कोंबली नि धावत घर गाठलं. मी कडी लावली. चार दिवस ती काढायचीसुद्धा भीती वाटायची.

शहर जरा निवलं तसं ऑस्वाल्डनं विमानाचे पंख सोडवले आणि ट्रकनं सगळं जुहूच्या धावपट्टीवर नेऊन पुन्हा जोडलं. त्याची बायको मार्गारेट मला ओढून घेऊन गेली. "चल गो बकुळा, मला एकटीला बघवायचं नाय."

हे खाली तसलाच दुसरा रेडिओ मांडून बसले. विमान उडालं, समुद्राकडं वळलं. "राजा, साफ ऐकू येतंय रे!" ऑस्वाल्ड वरून ओरडला. हे हसले. स्क्रू-ड्रायव्हर ठेवायला पेटी उघडली. झाकणाला आतून काळ्या पट्टीचे दोन तुकडे चिकटवलेले, मापानं कापलेले. तसेच राहिलेले.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "बकुळे, टोक बांधायचं राहिलं. हादऱ्यानं तार टेकली तर तो समुद्रात जाईल."

मार्गारेट लांब उभी होती, हातात रोझरीची माळ, डोळे आभाळात. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "गप्प बसा. उतरेल तो. खाली आला की हळूच गुंडाळा. कळलं तर उद्या आपल्याला दारात कोण उभं करील?"

ह्यांनी पेटी बाजूला सारली. मग माईक उचलला. "ऑस्वाल्ड, मागं फिर. आत्ताच्या आत्ता. चूक माझी आहे, जाळीचं टोक मोकळं राहिलंय. इंजिन कधीही बंद पडेल. उंची सोडू नको."

मार्गारेट धावत आली. मग समुद्रावरचा तो ठिपका वळताना दिसला. किती हळू वळत होता! मला वाटलं, माझ्यामुळंच उशीर झाला.

विमान किनाऱ्यावरच्या माडांवर आलं नि आवाज एकदम थांबला. "गेलं रे इंजिन, राजा." शब्द न् शब्द स्वच्छ. मार्गारेट मटकन खाली बसली. विमान मुकाट खाली येत होतं, झावळ्यांना घासतंय की काय असं वाटलं. धावपट्टीवर आपटलं, एक चाक मोडलं, तिरकं होऊन थांबलं. ऑस्वाल्ड बाहेर आला, दोन पावलं चालला नि गवतात ओकला.

मग त्यानं ह्यांना अशा शिव्या हासडल्या की विचारू नका. आणि मग मिठी मारली. "अजून पाण्यावर असतो ना, तर मेलो असतो रे," म्हणाला. मार्गारेट माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, "तुझ्या घोवानं वाचवलं गो." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढं आम्ही तीस वर्षं संसार केला. कडाकडा भांडलो. ह्यांनी मला काय काय ऐकवलं नाही! माझ्या माहेरचं काढलं, माझ्या जिभेचं काढलं. पण त्या दिवशी मी जे बोलले, ते एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.