गच्चीवर उतरलेला सुरय

समुद्रापासून शेकडो मैल आत, राजाजीनगरच्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली, चक्क समुद्रपक्षी बसला होता. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पाठ काळी, पोट पांढरं, कपाळावर पांढरा पट्टा. सुरय! अंडी घालण्यापुरता बेटावर उतरणारा, बाकी आयुष्य समुद्रावर काढणारा. त्याचा अभ्यास करायला मी लक्षद्वीपच्या एका ओसाड बेटावर जाऊन उन्हात भाजून आले होते. आणि हा पठ्ठ्या किनाऱ्यावरच्या वादळात सापडून, घाट ओलांडून थेट आमच्या घरी आला होता. मला नाचावंसं वाटत होतं.

टॉवेलात गुंडाळून उचलला तेव्हा त्याच्या छातीचं हाड हाताला टोचलं. आनंद कुठल्या कुठे पळाला. पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"आमचा माणूस संध्याकाळी येईल. तोवर पोटात काही गेलं नाही तर हा वाचायचा नाही. छोटे मासे द्या."

आमच्या घरात चातुर्मासात कांदाही येत नाही. बेटावर निघाले होते तेव्हा वडील, आमचे अण्णा, म्हणाले होते, "राजाजीनगरात कावळे कमी पडले काय गं?" त्यांना काही विचारायच्या फंदात न पडता मी बाजारातून बोटभर तारल्या आणल्या आणि गुपचूप गच्चीवर नेल्या.

सुरय ढुंकूनही बघेना. बेटावर मी पाहिलं होतं, हा पाण्यावर चमकून हलणारा मासाच उचलतो. मेलेला मासा त्याच्या लेखी दगड. एका हातात पक्षी, दुसऱ्यात मासा; मासा हलवायला गेलं की पक्षी निसटायचा. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात जिन्याच्या दारात अण्णा दिसले. वासानं आले असणार. मी बोलणी खायची तयारी ठेवली.

"खात नाही काय?"

"नाही. एकटीला जमत नाहीये. तुम्ही धरता याला?"

"नको. पाडीन मी."

त्यांचा उजवा हात अलीकडे सतत थरथरतो. पाहुणे आले की तो उपरण्याखाली जातो. लग्नाच्या पंगतीला बसणंही त्यांनी सोडलंय.

ते पुढे येऊन पक्ष्यासमोर उकिडवे बसले. "सरी, बरं. मासा दे इकडं."

मी दोन्ही हातांनी सुरय धरला. अण्णांनी तोंड वाकडं करून मासा शेपटीकडून चिमटीत उचलला. हात थरथरायला लागला.

"स्वल्प थांब," ते ओशाळून म्हणाले आणि डाव्या हातानं मनगट आवळायला गेले. पण मासा उन्हात चमकत वळवळत होता आणि सुरयची मान तिकडे वळली होती.

"अण्णा, आवरू नका. हलू द्या हात."

चोच पुढे आली आणि मासा गेलाही.

अण्णा रिकाम्या चिमटीकडे बघत राहिले. मग तो हात उपरण्याखाली न नेता, तसाच थरथरता माझ्यापुढे केला.

"अजून एक दे."