दार उघडल्यावर लागणारा दिवा

दिवाळीच्या सुट्टीत मी सायखेड्याजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा चहा व्हायच्या आतच वडिलांनी सांगितलं की व्हॅनमधला दिवा लागत नाही. दसऱ्यापासून बंद होता. वडील द्राक्षबागांवर कामाला जाणाऱ्या बायकांना सकाळी सोडतात आणि संध्याकाळी परत आणतात. अंधारात उतरताना कुणाची चप्पल सापडत नाही, कुणाचा डबा सीटखाली जातो. गाडी जुनी. दिव्याचा स्वतःचा खटका केव्हाच तुटलेला. दार उघडलं की दिवा लागायचा आणि लावलं की विझायचा, एवढंच काय ते.

गावात वायरमन आहे, पण वडील त्याच्याकडे गेले नव्हते. दिवाळीला पोरगी येईल, ती करील, असं त्यांनी बायकांना सांगून ठेवलं होतं. त्यावर एक मावशी रोज उतरताना म्हणायची म्हणे, "लेक लाइटीचं कॉलेज शिकती, अन् बाप अंधारात गाडी हाकतो."

मी नाशिकला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्यामुळे मी नक्की काय शिकते हे घरी कुणाला माहीत नाही. गाडीच्या वायरिंगला तर मी कधी हातही लावला नव्हता. आम्ही ट्रान्सफॉर्मरची गणितं सोडवतो. पण नाही म्हणवेना. वडिलांचा फोन 'जेवली का' इथे सुरू होतो आणि 'बरं, ठेवतो' इथे संपतो. कॉलेजला गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे काही मागितलं, ते हे पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्यूज काढून पाहिला. चांगला होता. बल्ब सुटा काढून बॅटरीला लावला, तर लागला. दिव्यापर्यंत करंट येतोय का, तेही पाहिलं. येत होता. हा दिवा दोन दारांवर चालायचा, ड्रायव्हरच्या आणि मागच्या सरकत्या दारावर. दार लावलं की दाबली जाणारी दोन्ही चौकटींतली बटणं एकाच दिवशी कशी बिघडतील? म्हणजे दोष दारांत नाही, वर छताकडे कुठेतरी वायर तुटली असणार, असं मी ठरवून टाकलं. मग छताचं अस्तर सोडवून वायर बोटांनी चाचपत बसले. वडील शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून बसायचे. हात दुखला की हात बदलायचे. आम्ही फारसं बोललो नाही, पण ते दोन दिवस शेजारी होते. हॉस्टेलवर माझ्या खोलीत तिघी राहतात, तरी माझ्या शेजारी इतका वेळ कुणी बसत नाही.

वायर धडधाकट निघाली. शेवटी काही सुचेना म्हणून दिव्याची दुसरी वायर मी गाडीच्या पत्र्याला टेकवली, आणि दिवा लागला. म्हणजे वर सगळं ठीक होतं. दार उघडल्यावर ही वायर पत्र्याला जोडायचं काम चौकटीतलं बटण करतं. तेच होत नव्हतं.

दोन्ही बटणांवर कुंकू होतं. मी ते पहिल्या दिवसापासून पाहत होते. पण पूजेच्या कुंकवावर संशय कसा घ्यायचा? वडिलांनीही ते पुसलं नव्हतं. पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू आत झिरपून वाळलं होतं आणि बटणं दाबलेलीच राहिली होती. त्यामुळे दार उघडं असो की लावलेलं, दिव्याच्या लेखी ते बंदच होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा दरवर्षी मी करायचे. यंदा सबमिशनमुळे मला येता आलं नाही, म्हणून ती आईने केली होती.

"तू कुठंकुठं लावती ते मला काय ठाव," आई म्हणाली. "एखादी जागा राहाया नको म्हणून दिसंल तिथं लावलं."

मी बटणं काढून जुन्या टूथब्रशने घासली, पॉलिश पेपर मारला आणि परत बसवली. वडिलांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "जमलं," म्हणाले आणि स्क्रूची डबी घेऊन उठले. मला आनंद झाला होताच. पण काम संपलं होतं, आणि उद्या त्यांच्या शेजारी बसायला काही कारण उरलं नव्हतं.

संध्याकाळी ती मावशी उतरताना म्हणाली, "चपला घावल्या बाई. पण आता तुझ्या बापाला आमची दमलेली तोंडं बी दिसत्यात." वडील हसले. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

सुट्टी संपल्यावर वडिलांनीच मला व्हॅनने हॉस्टेलवर सोडलं. दिवस मावळला होता. सरकतं दार उघडलं, दिवा लागला. बॅग घेतली, दार लावलं, विझला. वेळेवर जेवत जा, एवढंच ते बोलले. मी दुसऱ्या मजल्यावर आले. बाकीच्या मुली अजून घरून आल्या नव्हत्या, सगळा व्हरांडा काळोखात होता. कठड्यावरून खाली पाहिलं तर व्हॅनमध्ये उजेड दिसला. वडील आपल्या बाजूचं दार थोडं उघडं धरून बसले होते आणि वर बघत होते.

मी हात हलवला. मग लक्षात आलं, मी अंधारात होते. त्यांना काहीच दिसत नसणार. मी मागे जाऊन व्हरांड्यातला दिवा लावला आणि पुन्हा कठड्याशी येऊन उभी राहिले.

त्यांनी दार ओढून घेतलं, तसा व्हॅनमधला दिवा विझला.