पिंगळीचा समुद्र

परभणी जिल्ह्यात समुद्र आणणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका आमचा साडू निघाला. पिंगळीच्या शाळेत भूगोल शिकवणारे भाऊसाहेब एकदा अलिबागच्या सहलीला गेले आणि येताना बरणीतून ओंजळभर समुद्री गोगलगायी घेऊन आले. घरी मोठी काचेची पेटी केली, तळाला वाळू अंथरली. खारं पाणी मात्र कोकणातूनच यायचं. तिकडं जाणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या हाती भाऊसाहेब रिकामा कॅन देत. एकदा मीच तो भरलेला कॅन घेऊन एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "यात काय हाय?" म्हटलं, "समुद्र." त्यानं शांतपणे लगेजचं तिकीट फाडलं.

भाऊसाहेब माळकरी. त्यामुळे गोगलगायींनाही घरचंच ताट: पोळीचा चुरा, भिजवलेले शेंगदाणे आणि एकादशीला साबुदाणा. "आपल्या घरात राहतेत, तर आपलंच खातील की," असं ते वर्गात समजावल्यासारखं सांगत. गोगलगायींनी काही ते मनावर घेतलं नाही. आल्या आल्या ज्या वाळूत शिरल्या, त्या वर येईनात. साबुदाणा कुजून घरभर वास सुटला. मास्तरांनी मेलेल्या गोगलगायी पाळल्यात, असा गावभर बोभाटा झाला. शेवटी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, म्हणाल्या, "मेल्यात त्या. श्रावण लागायच्या आत पेटी रिकामी करा. मला त्यात पापड ठेवायचेत." भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "न्हाई मेल्या. बसल्यात." आणि आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे पेटीपुढं बसून राहिले. जेवणावरचं लक्षच उडालं हो त्यांचं.

श्रावणाच्या आधीच्या रविवारी अक्कांनी मला हळूच बाजूला घेतलं. "बाजारातून सुका बोंबील आणा. यांना सांगू नका. उपास आपण करावा, त्या मुक्या जिवाला कशाला?" मी आणला. ज्या बाईनं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, तिनं नाकाला पदर लावून बोंबलाचा तुकडा चिमटीनं पाण्यात सोडला. भाऊसाहेब "अगं अगं" करत उठले, तेवढ्यात वाळू हलली. एक बारीक सोंड वर आली, मग दुसरी, मग सगळा तळच उठून बसला. पाठीवर शंख घेऊन चहूकडून गोगलगायी धावत सुटल्या. गोगलगाय धावते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, कुणी काही म्हणो. बोंबलावर अशा तुटून पडल्या की बघत राहावं. भाऊसाहेब अनवाणी रस्त्यावर पळाले. "या, या, जेवायला बसल्यात!" टीव्हीवरची मालिका अर्धी टाकून निम्मी पिंगळी त्या घरात लोटली. टिंगल करणारे तर खिडकीला लटकून बघायलते. ह्या गर्दीत अक्का पेटीवर वाकून गोगलगायींना सांगत होत्या, "सावकाश. अजून हाय."

पेटी राहिली. पापड डब्यातच राहिले. बोंबील मी आणायचा आणि अक्कांनी वाढायचा, असं ठरूनच गेलं. पुढं वर्षं गेली, तशा गोगलगायीही एकेक करून कमी झाल्या. एका सकाळी अक्कांनी तुकडा सोडला आणि वाळू हललीच नाही. बराच वेळ वाट बघून त्या उठल्या, न्हाणीत गेल्या आणि घरचं माणूस गेल्यावर घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं. त्यांच्यामागून भाऊसाहेब न्हाणीत शिरले, आणि मग मीही.