मागे सोडलेला दोर

होडीवरच्या माणसाला गोष्टी जमवाव्या लागत नाहीत. जाळ्यात नको असलेलं शेवाळ येतं तशा त्या येतात. झटकल्या तरी एखादी अंगाला चिकटून राहतेच!

गिरणीच्या संपात माझं काम गेलं आणि मी बोटीनं हर्णैला उतरून बुरोंडीला मामाकडे आलो. साल तिसाच्या आसपासचं. मामा होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख. होडीवर तो, त्याचा खलाशी रघू आणि तिसरा मी. ती तिसरी जागा खरं तर मामाच्या मुलाची, भिवाची. आदल्या हंगामात वादळी वाऱ्यात तो होडीवरून पडला, तो सापडलाच नाही. प्रेत नाही म्हणून मामानं बारावं केलं नाही. भिवाची बायको, आमची वयनी, रोज कुंकू लावायची.

* * *

सुरमईला जाळं नको. शीड लावून होडी चालती ठेवायची, मागे लांब दोर सोडायचा आणि गळाला बांगड्याच्या पोटाची पांढरी पट्टी बांधायची. पट्टी पाण्यात नाचत जाते आणि सुरमई तिच्यामागे धावते.

पहिल्याच दिवशी दोर ताणला. मी ओरडलो, "लागला! लय मोठा हाय!" ओढतोय, ओढतोय, हात सोलले. गळ बुडातल्या खडकात अडकला होता.

मामा म्हणाला, "भाच्या, दापोली तालुका वर काढतंस काय?"

* * *

गावात एक लग्न होतं. एक बाई सवाशिणींना कुंकू लावत लावत वयनीपाशी आली आणि करंडा हातात धरून थबकली. लावावं की नाही? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी म्हणे लावा, कुणी म्हणे नको.

वयनी उठली. "ठरवा तुमी सावकाश. मी तंवर भांडी घासतंय!"

सगळ्या हसल्या. ती मागच्या दारी गेली आणि खरंच भांडी घासत बसली. मला त्या बायकांचा फार राग आला.

* * *

एकदा मी गळाला पट्टी बांधायलाच विसरलो. रिकामा गळ सोडून ऐटीत बसलो होतो. रघूनं खाली पडलेली पट्टी बघितली आणि पोट धरून हसला. "सुरमईला उपास हाय काय रे?"

दोर ओढून घेतला. गळाला पट्टी होती! ताजी, नीट बांधलेली.

रघूचं हसू तिथंच थांबलं. त्यानं गाठ निरखली. गाठीचा पीळ उलटा होता, डावखुऱ्यानं घातलेला. आमच्यात डावखुरा एकच होता, भिवा.

मामानं गाठ सोडली, पट्टी कपाळाला लावली आणि म्हणाला, "आज पुरं."

* * *

दोराला दोन झटके द्यायचे, थांबायचं, पुन्हा दोन. पट्टी जिवंत वाटते. ही भिवाची पद्धत. मामानं मलाही तीच शिकवली. एका धुकट सकाळी मी दोन झटके दिले, तर पलीकडून दोन आले. मासा असा ओढत नाही. तो एकदा हिसका देतो आणि पळत सुटतो.

मी थांबलो. तेही थांबलं.

रघू म्हणाला, "मासा मस्करी करतोय तुझी!" पण तो दोरापासून मागे सरकला. मी मुद्दाम एकच झटका दिला. जरा वेळानं दोन आले, माझी चूक सुधारल्यासारखे!

मामानं सुकाणू सोडून दोर हातात घेतला. "भिव्या," एवढंच बोलला. दोर सैल पडला. मामा तिथंच बसून रडला. मीही रडलो, त्यात लाज कसली?

* * *

मामानं हे घरी सांगितलं. वयनी म्हणाली, "मला न्या."

"बाईमाणूस होडीत चढत नाय गो."

"मग बाईमाणसानं वाट किती बघायची, मामंजी?"

दुसऱ्या सकाळी ती आमच्याबरोबर आली. वारा बेताचा होता, शीड भरलेलं. पट्टी न बांधताच मामानं दोर सोडला आणि तिच्या हातात दिला. ती मागे तोंड करून बसली. भिवा गेला त्या बाजूला होडी आली तसा दोर ताणला. तिनं ओढला नाही. नुसता धरून बसली, मान हलवत, दारात उभ्या माणसाचं ऐकावं तशी. एकदा हलकेच म्हणाली, "व्हय, कळलं."

मग मामाकडे वळली. "गारठलेत. घोंगडी द्या."

मामानं अंगावरची घोंगडी काढून दिली. तिनं ती उलगडून पाण्यावर पसरली. घोंगडी तरंगली नाही, लाटेबरोबर मागेही गेली नाही. तिचं एक टोक खाली गेलं, मग दुसरं, आणि अंगावर ओढून घ्यावी तशी ती सावकाश पाण्याखाली गेली.

वयनीनं दोर सोडून दिला. पदराच्या टोकानं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं.

"चला मामंजी. झोपूदेत त्यांना."