नळ, नाडी आणि चवथ

निवृत्त होताना कारकुनाला सगळ्या फायली परत द्याव्या लागतात. किस्से मात्र कोणी मागत नाही, म्हणून ते घरी साचतात. माझ्याकडे नळदुरुस्तीचे जास्त साचले आहेत.

गोवा घटक राज्य झालं त्या सुमारास प्रभू, गावस आणि मी, एकाच कचेरीतल्या तिघांनी डिचोलीत शेजारी शेजारी घरं बांधली. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून प्रभू आणि गावस एकमेकांशी बोलत नसत. वॉशर म्हणजे काय, हे दोघांनाही दोन्ही भाषांत ठाऊक नव्हतं.

प्लंबर एकच, दोडामार्गचा दत्ताराम. चवथीच्या आठ दिवस आधी तो गावी जायचा. त्या वर्षी घरचा गणपती पहिल्यांदाच आमच्या गावाहून, तुयेहून, माझ्याकडे यायचा होता, आणि त्याच्यामागे वीस माणसं. तुयेच्या घरी विहीर आहे. थोरले भाऊ म्हणाले, "घराक बांय नाय आणि गणपती व्हरतंस? पाणी सरलां तर फुडल्या वर्सा परत तुयें."

म्हणून मी दत्तारामकडे शिकायला बसलो.

*

पहिल्या दिवशी त्याने दोन गोष्टी सांगितल्या. नळ खोलण्याआधी मुख्य वॉल बंद करायचा, आणि नळाच्या आट्यांवर गळती थांबवणारं सूत कुठल्या बाजूने गुंडाळायचं. दोन्ही मी शाईने वहीत उतरवून घेतल्या आणि नळ खोलला. वॉल बंद करायचा राहिला होता, कारण मी लिहीत होतो.

दत्तारामने शांतपणे वॉल बंद केला. म्हणाला, "सायबानू, वही सुकत घाला."

*

प्रभूने वॉशर रबरी चपलेतून कापला आणि तो चक्क बसला. चप्पल बायकोची होती, पण तो वेगळा विषय. हे कळल्यावर गावसाने दुसऱ्या पायातली चप्पल मागवली. प्रभूने ती पाठवली, सोबत कोकणीत चिठ्ठी. गावसाने मराठीत पोच दिली.

*

गावसाचा पाईप सांध्यात गळू लागला. त्याने त्याला फायलीची लाल नाडी करकचून बांधली. कचेरीत कुठलंही प्रकरण अंगाशी येऊ लागलं की आम्ही तेच करत आलो होतो. सकाळी पाणी नाडीच्या दोन्ही बाजूंनी येत होतं.

*

चवथीच्या आदल्या दुपारी माझा स्वयंपाकघरातला नळ हातात आला. तो ठीक होता, मी उगाच आवळायला गेलो होतो. वॉल बंद केला, तर घरभर पाणी बंद. दत्ताराम दोडामार्गात. नवा नळ, सूत, त्यावर लावायचा सफेदा, सगळं घरात होतं. पण सूत कुठल्या बाजूने, ते वहीतलं पान पहिल्याच दिवशी धुऊन गेलेलं.

तीनदा सूत गुंडाळलं. तिन्ही वेळा नळ आवळताना ते सुटून बाहेर आलं. दर वेळी वॉल उघडून पाहिला की सांध्यातून धार, आणि टाकी अर्ध्यावर आली.

बायको नैवेद्याच्या नेवऱ्या करत होती. हात पुसून आली, मला बाजूला केलं, सूत माझ्या उलट बाजूने गुंडाळलं, सफेदा लावला, नळ बसवला आणि परत नेवऱ्यांकडे गेली. एक थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी थोरल्या भावांनी आल्या आल्या नळ सोडला, बंद केला, खाली हात धरून पाहिला. पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही. कोणी बसवला, एवढंच विचारलं. मी बायकोकडे बोट दाखवलं. त्यांना खरं वाटेना. तुला कोणी शिकवलं, म्हणाले.

"शिकवूक कित्याक जाय?" ती म्हणाली. "वीस वर्सां वडाक सूत गुंडाळतंय. थंय गुण येवक नाय, हंय तरी इलो."