रुमालाखालचा भाव

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळायचा नाही. ते बघत वाढलो, म्हणून उघड बोलणाऱ्यावर माझा कधी विश्वास बसला नाही. टीव्हीवर शेअर घ्या म्हणून ओरडणारा तर मला चक्क भामटा वाटायचा.

गेल्या वर्षी मेव्हणा घरी आला. तो इथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. चहा झाल्यावर त्यानं आधी दार लोटलं. "दाजी, परदेशाची लई मोठी ऑर्डर आलीय. तीन पाळ्या चालू हायत. कुणालाच म्हाईत न्हाय अजून."

दार लोटलं, म्हणून मला ते खरं वाटलं. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे मी त्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. तिला सांगितलं नाही.

आठवड्याभरात ऑर्डरची बातमी पेपरात आली. मी पेढे आणायला निघालो होतो, आणि शेअर पडला. दुसऱ्या दिवशी आणखी पडला.

आधी मेव्हण्याचा संशय घेतला, मग शेअर दलालाचा, मग माझ्याच मोबाइलचा. शेवटी वडिलांना सांगितलं. ते हसले. मला भयंकर राग आला.

"आरं, रुमालाखालचा आकडा बाजाराला कळत न्हवता व्हय? बैलाचं दावं हातात यायच्या आत समद्यांना भाव ठाऊक. लोक बोटं न्हाय, तोंड बघायचे की! तुझ्या कारखान्याला सूत देणारा, खोकी देणारा, ट्रकवाला, समद्यांनी तीन पाळ्या बघितल्या. तुला कळलं तवा भाव चढून बसला हुता. पेपरात आलं, तसं त्यांनी इकून पैसं काढलं."

सगळ्या जगावर संशय घेणारा मी, पण असली बातमी माझ्यापर्यंत कशी आली, हा संशय मला आला नाही.

त्या संध्याकाळी धीर करून बायकोला सांगायला गेलो. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गुडघ्याचं नाव काढलं की तुमी मान खाली घालता, तवाच कळलंय मला. कधी सांगताय, तेवढं बघत हुते."

भिंतीला धरून ती एकेक पायरी उतरू लागली. मी हात पुढे केला. तिनं भिंतच धरली.